आज राहू दे

सव्वासहाला कचेरी सुटते. साडेसहाच्या सुमारास मी घराचे कुलूप काढतो, हातातली पिशवी ओट्यावर ठेवतो, हातपाय धुतो आणि कपडे बदलण्याच्याही आधी वरणाचा कुकर चढवतो. बुलढाणा हे उंचावरचे गाव. उन्हाळ्याचे दिवस सोडले तर संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गार वाऱ्याची झुळूक येते. त्या खिडकीशी उभा राहून मी कांदा चिरू लागतो, आणि दिवसभरातली माझी खरी सुट्टी तेथून सुरू होते.

हे ऐकून पुष्कळांना हसू येते. दिवसभर राबून आलेल्या माणसाने आरामखुर्चीत पडावे, पंख्याखाली बसून चहा मागवावा, हे त्यांना समजते. त्याने पुन्हा ओट्यापाशी उभे राहावे आणि त्यालाच विश्रांती म्हणावे, हे काही त्यांना पटत नाही. पण माझा अनुभव तसा आहे खरा. गेली तीस वर्षे मी कचेरीत कागद पुढे सरकवीत आलो आहे. माझ्या टेबलावर आलेला कागद माझी सही घेऊन दुसऱ्या टेबलावर जातो, आणि पुढे त्याचे काय झाले ते मला क्वचितच कळते. वांग्याच्या भाजीचे तसे नाही. ती सुरू केव्हा झाली हे मला ठाऊक असते आणि संपली केव्हा हेही. भाकरी थापून तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला, उलटली आणि आचेवर धरली, की ती फुगते. नाहीतर फुगत नाही. तेथे वशिला चालत नाही आणि मुदतवाढही मिळत नाही. घटकाभरात निकाल लागतो, आणि तो निकाल माणसे मिटक्या मारीत खातात. असे भाग्य सरकारी कागदाच्या नशिबी कोठले?

पावसाळ्यात अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी, थंडीत वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी, एखाद्या दिवशी गोळ्यांची कढी, भाजी मिळाली नाही तर मुगवड्यांचा रस्सा, आणि काहीच सुचले नाही तर झुणका. असा माझा संध्याकाळचा संसार गेली कित्येक वर्षे चालला आहे.

त्याचा आरंभ मात्र हौसेतून झालेला नाही. २०१४ च्या जूनमध्ये सौ.ची बदली घाटाखालच्या एका शाळेत झाली. जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडा खुलासा करायला हवा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने आमचा बुलढाणा जिल्हा दोन पायऱ्यांवर बसवला आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेडराजा हे घाटावरचे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर हे घाटाखालचे, पूर्णेच्या खोऱ्यातले. सौ. सकाळी आठच्या आत निघते, राजूरचा घाट उतरून जाते आणि संध्याकाळी तोच घाट चढून साडेसात-पावणेआठला परत येते. त्यानंतर तिने पदर खोचून चुलीपुढे उभे राहावे आणि मी साडेसहापासून वर्तमानपत्र वाचीत बसावे, हे मलाच बरे वाटेना. पहिले दोन महिने खिचडीवर गेले. मग फडताळातली 'रुचिरा' काढली. कमलाबाई ओगल्यांचे हे पुस्तक १९७० साली निघाले. आमची प्रत सौ.ला लग्नात आलेली. तीवर तेलाचे आणि हळदीचे डाग पडले होते, ते सगळे तिच्या बोटांचे होते. त्यांत मी माझे मिसळू लागलो.

हळूहळू हात बसला, आणि हाताबरोबर कीर्तीही पसरली. पाहुणे आले की म्हणत, "काय भाजी झाली आहे हो!" शेजारच्या बायका सौ.ला म्हणत, "भाग्यवान आहात बाई!" मला त्यात काही वावगे वाटत नसे. खरे सांगायचे तर फार बरे वाटे.

गेल्या वर्षी आषाढात मी या आनंदावर एक लेख लिहिला. शीर्षक दिले 'संध्याकाळची भाकरी'. माणसाला हाताच्या कामातून मिळणारे समाधान, कामाचा आरंभ आणि शेवट डोळ्यांदेखत घडण्यातली मौज, आपल्या माणसांना खाऊ घालण्यातली धन्यता, असे सारे त्यात आले होते. रविवारी दुपारी सौ. अंबाडी निवडीत बसली होती. तिला मी तो मोठ्याने वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले, आणि देठ बाजूला करीत म्हणाली,

"लेख चांगला झालाय. पण यात सकाळ कुठं आहे?"

"सकाळ?"

"सकाळचा स्वयंपाक. पाचला उठून दोन डबे भरते, तुमचं दुपारचं झाकून ठेवते, ते."

मी म्हणालो, "लेख संध्याकाळवर आहे."

"हो, ते खरं." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला हे शिकून दहा-अकरा वर्षं झाली. त्याच्याआधी किती तरी वर्षं मी दोन्ही वेळचा करत होते, नोकरी सांभाळून. पण तुम्ही लिहिलाय तसा आनंद मला कधी झाल्याचं आठवत नाही. तो असतो, आणि मला कळलाच नाही, असं तर नसेल?"

तिच्या आवाजात राग नव्हता. रागाला काहीतरी उत्तर देता येते. तिने खरोखरीच विचारले होते, जणू एखादी वस्तू घरात इतके दिवस होती आणि आपल्यालाच सापडली नाही, तशी. मी लेखाचे कागद घडी करून ठेवले. ते पुढे कोठेच पाठवले नाहीत.

प्रश्न मात्र घडी करून ठेवता येईना. काम एकच, ओटा तोच, तवा तोच. मग माझ्या वाट्याला आनंद आला आणि तिच्या वाट्याला नुसते काम, असे का व्हावे?

विचार करू लागलो तसे एकेक ध्यानात येऊ लागले. आपल्या पुराणांत पाककलेची कीर्ती कोणाची? नळाची आणि भीमाची. नळ ऋतुपर्णाच्या पदरी बाहुक होऊन राहिला तेव्हाही त्याच्या हाताची चव लपली नाही. भीम विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव झाला. आजही पुरुषाने बरी भाजी केली की आपण त्याला बल्लवाचार्य म्हणतो. द्रौपदीच्या वाट्याला काय आले? सूर्याने दिलेली थाळी आली, आणि त्या थाळीचा नियम असा की द्रौपदी जेवेपर्यंत तिच्यातले अन्न सरायचे नाही. ती जेवली की थाळी रिकामी. म्हणजे सगळ्यांचे झाल्यावाचून तिने जेवायचे नाही, हे चमत्काराच्या अटीतच घालून ठेवलेले! ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. पण दुर्वास ऋषी अवेळी आल्यावर द्रौपदीला लागलेली चिंताच तेवढी माझ्या लक्षात राहिली होती. ती रोज शेवटी जेवत होती, इकडे लक्ष गेलेच नव्हते.

पुराणे कशाला, आमच्या वऱ्हाडातलीच रीत पाहा. शेतात रोडग्यांची पंगत असली की पुरुष मोठ्या उत्साहाने कामाला लागतात. गोवऱ्यांचा जाळ पेटवायचा, निखाऱ्यांत रोडगे भाजायचे, कढईभर वांग्याची भाजी ढवळायची. त्या दिवशी कोणी ते काम हलके समजत नाही. गावजेवणाचा, भंडाऱ्याचा, लग्नाचा स्वयंपाक पुरुषाचा. दुसऱ्या दिवशी सकाळचा पुन्हा घरच्या बाईचा. जेथे गर्दी आहे, वाहवा आहे आणि काम एका दिवसात संपणार आहे, तेथे आम्ही. जेथे काम रोजचे आहे, तेथे त्या. रोज मरे त्याला कोण रडे? रोज रांधी तिला कोण वाखाणी?

पाकशास्त्राची पुस्तके घ्या. लक्ष्मीबाई धुरंधरांनी हजार पाककृतींचे पुस्तक १९१० साली लिहिले, त्याचे नाव 'गृहिणी-मित्र'. नाव प्रेमाचे आहे, पण वाचक नावातच ठरून गेला आहे. 'गृहस्थ-मित्र' नावाचे पाकपुस्तक अजून तरी माझ्या पाहण्यात आलेले नाही.

मग मला आमच्या गावच्याच एका बाईची आठवण झाली. ताराबाई शिंदे १८५० साली बुलढाण्यात जन्मल्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे इथल्याच सरकारी कचेरीत नोकरीला होते. म्हणजे माझ्याच व्यवसायातले. मुलीला त्यांनी घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर अर्भकाच्या हत्येचा खटला झाला, आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर टीकेची झोड उठली. ते वाचून ताराबाईंनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. १८८२ साली ती पुण्यात छापली गेली. तिच्यावर गहजब झाला तेव्हा जोतीराव फुले तिच्या बाजूने उभे राहिले. पुढे ते पुस्तक विस्मरणात गेले, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. त्यांचा सवाल साधा होता : जो दोष बाईत म्हणून दाखवता, तो पुरुषात नाही काय? ज्या कचेरीच्या गावात हा सवाल लिहिला गेला त्याच गावातल्या कचेरीतून मी रोज घरी येतो; पण तोच सवाल आपल्या ओट्यापाशी उलटा करून विचारावा, हे मला सुचले नव्हते. जो गुण पुरुषात म्हणून वाखाणता, तो बाईत नव्हता काय?

ही तुलना आता आकड्यांतही करता येते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पाहणी करून माणसे दिवसाचा वेळ कसा घालवतात याची मोजदाद केली. सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी शेकडा ८१.२ जणी घरातले बिनपगारी काम करीत होत्या. पुरुषांपैकी शेकडा २६.१. आणि जे करीत होते त्यांचा दिवसाचा सरासरी वेळ पाहिला तर स्त्रियांचा २९९ मिनिटे, पुरुषांचा ९७. माझा संध्याकाळचा सव्वा तास त्या ९७ मिनिटांत सहज बसतो. थोडक्यात, आनंद व्हायला लागतो तेवढाच तो वेळ. त्याचे ओझे होण्याइतका नाही.

येथवर आल्यावर मला वाटले, नुसता विचार करून काय उपयोग? करून पाहावे. मी सौ.ला म्हटले, "श्रावणभर सकाळ माझी." ती हसली. म्हणाली, "गजर पावणेपाचचा लावा."

त्या महिन्याचे वर्णन मी लांबवीत नाही. भाजी तीच, कणीक तीच, हातही तेच; पण तो आनंद येईना. घड्याळ समोर भिंतीवर असे आणि मी घड्याळाशी भांडत असे. पोळी फुगली की नाही हे पाहायला वेळ नसे. ती डब्यात गेली की नाही एवढेच पाहायचे. काय करायचे हे आदल्या रात्री ठरवायचे, आणि रात्री ठरवले नाही तर पहाटे अंधारात भोपळ्याकडे बघत उभे राहायचे. दुपारी जेवताना डब्याची आठवण कोणाला झाली असेल असेही मला वाटेना. मला स्वतःला इतकी वर्षे झाली नव्हती. त्यावरून एक गोष्ट कळली. आनंद स्वयंपाकात नसतो. स्वयंपाक एक भांडे आहे. त्यात वरून काही ओतावे लागते. काय, ते अजून कळत नव्हते.

ते कळले चौथ्या आठवड्यात. अंगात कणकण होती, डोके जड झाले होते. गजर झाला तसा मी उठलो आणि पाहतो तो स्वयंपाकघरात दिवा लागलेला. सौ. कणीक मळीत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आज राहू द्या. झोपा तुम्ही."

मी परत येऊन पडलो. अंगावर पांघरूण घेतले आणि मनाला फार शांत वाटले. आणि त्या शांततेतच एक विचार टोचला. या दहा-अकरा वर्षांत मला बरे नसले, कचेरीत उशीर झाला, किंवा नुसता कंटाळा आला, तरी हे शब्द मला दर वेळी मिळाले होते. "आज राहू द्या, मी बघते." माझी संध्याकाळ ज्या जमिनीवर उभी होती ती जमीन हीच. मला करायचे नसेल तर न करण्याची मोकळीक होती, म्हणून करावेसे वाटत होते. आणि मी? लग्नाला इतकी वर्षे झाली. त्यात मी तिला "आज राहू दे" असे किती वेळा म्हटले असेल? तिला ताप असताना खाणावळीतून डबा आणलेला आठवतो. पण ती धडधाकट असताना, नुसती दमलेली असताना, म्हटल्याचे आठवेना.

पोळ्याला मी गावी गेलो. आमचे गाव संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. तेथल्या जमिनीखालचे पाणी खारे. त्या पाण्यात डाळ शिजत नाही. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतात, म्हणून कितीही जाळ घातला तरी डाळ टणकच राहते. हे कारण मी पुढे पुस्तकात वाचले. माझ्या मायने ते वाचलेले नव्हते. तिला एवढेच ठाऊक होते की वरणासाठी गोडे पाणी पाहिजे, आणि ते कोसभर लांबच्या विहिरीवरून डोक्यावर आणले पाहिजे. लहानपणीच्या त्या वरणाची चव मी माझ्या न पाठवलेल्या लेखात मोठ्या गोडीने वर्णिली होती. हंड्याचा उल्लेख त्यात नव्हता.

संध्याकाळी बैलांची पूजा झाली, पुरणपोळ्या झाल्या. माय ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. तिने आता ऐंशी ओलांडली आहे. मी विचारले, "माय, तुले सैपाकाचा कधी आनंद वाटे का?"

"कायचा आनंद रे बाप्पा?" ती हसली. मग जरा वेळाने आपण होऊन म्हणाली, "पयली भाकर टम्म फुगे ना, तवा बरं वाटे. रोजच वाटे. पन ते कोनाले सांगाव?"

हे मला अपेक्षित नव्हते. तो आनंद म्हणजे माझा शोध, असे मी समजत होतो. तो तिच्यापाशी साठ वर्षे होता. सांगायला माणूस नव्हते एवढेच.

मग तिने एक गोष्ट सांगितली. मी सहा-सात वर्षांचा असेन. दुपारी तिच्या माहेराहून निरोप आला की तिचा पाठचा भाऊ गेला. एस.टी. दुसऱ्या दिवशी सकाळी होती. संध्याकाळी आजोबा, वडील, काका शेतातून आले. तिने चूल पेटवली, भाकरी थापल्या, सगळ्यांना वाढले.

"कोनी म्हनलं असतं ना बापू, आज राहू दे," माय म्हणाली, "तं मी केलाच असता सैपाक. लेकरं उपाशी कशी निजवाव? पन कोनी म्हनलं नाई."

त्या रात्री मीही जेवलो असणार. काय जेवलो ते मला आठवत नाही.

परत येताना गाडीत मी याच एका वाक्याभोवती फिरत होतो. 'केलाच असता, पण कोणी म्हटले नाही.' म्हणजे तिला काम चुकवायचे नव्हते. आपल्याकडे कर्तव्याचा विषय निघाला की गीता काढतात. फळाची आशा न धरता कर्म करावे, हे घरातल्या बाईला जितक्या वेळा ऐकवले गेले असेल तितके कोणालाच नसेल. पण गीतेच्या शेवटी काय होते, ते आपण पाहत नाही. अठरा अध्यायांचा उपदेश करून झाल्यावर श्रीकृष्ण अखेरचा निर्णय अर्जुनावरच सोपवतो. पूर्ण विचार करून त्याला योग्य वाटेल ते त्याने करावे, अशी मोकळीक देतो. अर्जुन लढतो, पण ती मोकळीक मिळाल्यावर लढतो. म्हणून ते त्याचे कर्म होते. आम्ही घरातल्या बायकांना उपदेशाचे सारे अध्याय ऐकवले, आणि तेवढे शेवटचे सांगायचे राहून गेले. माझ्या मायने त्या दिवशी जे केले ते अर्जुनाच्या कर्माहून कमी नव्हते. पण कोणी एक शब्द बोलला असता तर ते तिचे झाले असते. तो न बोलल्यामुळे ते तिच्याकडून करवून घेतलेले झाले.

कामाचा आनंद आणि कामाचा जाच यांत अंतर असते ते एवढेच, असे मला आता वाटते. वेळ किती लागतो, कष्ट किती पडतात, वाहवा मिळते की नाही, या गोष्टी खऱ्या आहेत; पण त्या मागाहूनच्या. आधी एवढे हवे, की 'आज राहू दे' म्हणणारे कोणीतरी त्या घरात असावे, आणि ते म्हणताना पुढचे काम स्वतःच्या अंगावर घ्यायची त्याची तयारी असावी. नुसते 'राहू दे' म्हणून पाटावर येऊन बसणाऱ्याचे बोलणे कोण खरे मानील?

येथे लेख संपवता आला असता. पण मायने तोही संपू दिला नाही. दसऱ्यानंतर ती आमच्याकडे राहायला आली. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मी भाकरीचे पीठ घेतले तशी ती भिंत धरून उठली आणि परातीकडे हात केला. मला नुकतेच ज्ञान झालेले! मी मोठ्या प्रेमाने म्हणालो, "माय, आज राहू दे."

तिचा चेहरा उतरला. ती जाऊन पलंगावर बसली. जेवताना अर्धीच भाकरी खाल्ली. रात्री सौ.ने विचारले तेव्हा म्हणाली, "आता माहा काई उपयोग नाई म्हन या घरात."

जे शब्द साठ वर्षे न मिळाल्याचे तिला दुःख होते, तेच शब्द मी दिले, आणि त्यांनीच तिला लागले. आधी मला ते उमगेना. मग ध्यानात आले की, मी तिला विचारले नव्हते, सांगितले होते. तेव्हा सगळ्यांनी तिला 'कर' असे न बोलता सांगितले, आता मी 'करू नको' असे प्रेमाने सांगितले. दोन्ही वेळा ठरवणारा दुसराच. विसावा लादला तर तोही जाचच होतो. मोकळीक दोन्ही बाजूंनी उघडी असावी लागते. करण्याची आणि न करण्याचीही.

तेव्हापासून आमच्या घरी एक रीत पडली आहे. माय असते तेव्हा पहिली भाकरी तिची. तिचे हात आता कापतात. भाकरी गोल होतेच असे नाही, पण बहुतेक वेळा फुगते. फुगली की ती माझ्याकडे पाहते आणि मी म्हणतो, "फुगली वं माय." बाकीच्या माझ्या. सकाळ आम्ही दोघांनी आठवड्याआड वाटून घेतली आहे, आणि रात्रीची भांडी घासणे माझ्याकडे आले आहे. रविवारची संध्याकाळ सौ. घेते, तिला वाटले तर. एका रविवारी ती ओट्यापाशी बराच वेळ सांडगे परतीत उभी होती. घाई कसलीच नव्हती. मी विचारले, "आता होतो का आनंद?"

"अजून सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण विचारलंत, हे बरं वाटलं."

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दिवाळीचे दिवस असतील. आपण झोपाळ्यावर किंवा खिडकीशी बसून हे वाचत असाल, आणि आतून चकलीचा खमंग वास येत असेल. तो आतून येतो आहे, म्हणजे आत कोणीतरी उभे आहे. हा लेख एवढ्यावरच ठेवून जरा आत जावे, हात धुवावेत आणि विचारावे, "आज राहू देतेस का? पुढचा घाणा मी काढतो." उत्तर बहुधा 'नको' असेच येईल. कढई तापलेली असेल, आणि आपल्या हातच्या चकलीचा भरवसाही नसेल. तरी विचारावे.